कनवटीची सुपारी

प्रिय सुमन,

अडकित्ता दोनदा दाबला तेव्हा सुपारी फुटली. मग कातरली. खांडं तळहातावर घेतली, शामूतात्याला दिली, हौसाक्कांना दिली, उरलेली तोंडात टाकली.

"वसंता, ही लाल कशानं रं?" हौसाक्कांनी विचारलं.

माझा अंगठा लाल झाला होता. सुपारीला कुंकू लावलेलं होतं. ती तू होतीस.

हे तुला सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे. विटा सोडून मायणीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसलो आहोत. आपल्याच गल्लीतली नऊ माणसं, शिंगणापूरच्या महादेवाला निघालेली. आज पहिला दिवस. उन्हं उतरेपर्यंत कुणी चालणार नाही.

तू बोललेला नवस जोडीनं चालत जाण्याचा. तू नाहीस, मग जोडी कुठली? गुरुजी म्हणाले, "पत्नीच्या जागी सुपारी कनवटीला खोचा. चालतं तसं." हळदकुंकू लावून त्यांनीच दिली. मी धोतर नेसलो आणि खोचली. पहाटे घर सोडताना चाचपूनही पाहिली.

मग इथं तात्यानं चंची उघडली. पान होतं, चुना होता. "सुपारी संपली की रं. हाय का कुणाकडं?" माझा हात कनवटीला गेला. इतकंच झालं. चाळीस वर्षं पान खाणाऱ्या माणसाचा हात! सोडा म्हणून किती वेळा सांगितलंस.

थुंकायचं कुठं? आणि गिळायचं तरी कसं? मी तसाच बसून राहिलो. काय झालं ते सांगितलं तेव्हा तात्यानं तोंडातलं हातावर काढलं, पाहिलं, आणि पुन्हा तोंडात टाकलं. "आता काय चिकटतीया व्हय ती?" म्हणाला. दोघं-तिघं हसले. मीही हसलो असेन.

सोनं गाळायच्या धंद्यापायी आपण कोईमतूरला होतो. तिथल्या दवाखान्यात मला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून तू हा नवस बोललीस. मला विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस, सुमन. शुद्धीवर आलो तर म्हणालीस, "दोघं चालत येतो म्हटलंय मी म्हादेवाला. आवं, हसताय काय?"

पुढच्या चैत्रात जाऊ, मी म्हणालो. त्या चैत्रात भट्टीवर माणूस नव्हता. त्याच्या पुढच्या चैत्रात दुकान हलवायचं होतं. नंतरच्या चैत्रांची कारणं आता आठवत नाहीत. कारण होतं, एवढं नक्की. गलाईची भट्टी आठवडाभर विझली असती तर काय बिघडलं असतं?

तू दर पाडव्याला विचारायचीस. मग विचारणं सोडलंस. मला वाटलं, विसरलीस. रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारायचीस, ते साखरेसाठी असेल असं मी धरून चाललो. तेरा महिन्यांपूर्वी, फाल्गुनात, चार दिवसांच्या तापानं गेलीस. तेराव्याला लेक म्हणाली, "आई शिंगणापूरसाठी पाय तयार ठेवत होती." हे तू तिला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?

वर्षभर वाटत होतं, चालायला लागलो की रडू येईल. आलं नाही. टाचेला फोड आला आहे, तो कळतो. ट्रक जवळून गेला की वारा लागतो, तो कळतो. बाकी काही कळत नाही.

मघाशी तात्या म्हणाला, "मायणीत दुसरी घिऊ. कुक्कू लावायचं, सुमनचं नाव घ्यायचं, झालं. एकटा गेलास तर नवस फिटत न्हाई बघ."

हौसाक्का पायाला तेल चोळत होत्या. त्यांचे मालक जाऊन दहा वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "आमाला कुठं सुपारी मिळती रं, तात्या? बाई गेली की बापय सुपारी खोचतो. बापय गेला की बाई कोरीच."

"तुमचं निराळं, आक्का."

"काय निराळं? आमचा नवसबी जोडीचाच हुता. धा वरसं एकटी जातीया. म्हादेवा, त्यो न्हाई आला, मीच आलीया, असं म्हणती. अजून तरी मला कुणी माघारी धाडलं न्हाई. आन् पायऱ्या काय एकटीला कमी हुत्यात व्हय?"

तात्या आडवा झाला. आता घोरतो आहे.

मी विचार करतो आहे. सुपारी खोचून मी देवाला काय सांगणार होतो? दोघं आलो म्हणून? आपण दोघं आलो नाही, सुमन. येता आलं असतं तेव्हा मी तुला आणलं नाही.

म्हणून दुसरी सुपारी घेणार नाही. वर पोचल्यावर तुझं नाव घेईन आणि सांगेन, तिला यायचं होतं, मी उशीर केला. नवस फिटो न फिटो. एवढा शब्द देतो.

तुझा,
वसंत

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मायणीतून निघालो. तात्यानं आदल्या संध्याकाळीच दुकानातून सुपारी आणून ठेवली होती. ती त्यानं पुढं केली. मी नको म्हणालो. त्यानं ती चंचीत टाकली. हौसाक्का पुढं गेल्या होत्या. त्यांच्या मागून मी दहिवडीचा रस्ता धरला.