बैलायले देल्लेलं आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळ

डोकं फणफणून राह्यलं. आज खांदशेकणी. ह्यायनं बैलायच्या खांद्याले तूप-हळद चोळली, हात जोडून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अन् हात धुवून मले काय सांगावं? "बॅग भर. सुट्ट्या जोडून आल्या. सकाळीच चिखलदऱ्याले निघू, हॉटेल बुक केलं."

"अन् बैल?"

"गडी टाकीन चारा."

चारा? आवतन पुरणपोळीचं देल्लं ना? जेवाले बोलावून घराले कुलूप लावते का कोणी? लाज कशी नाही वाटत या माणसाले?

बॅग भरली. फक्त ह्यायचेच कपडे. पुरणाची डाळ निवडून ठेवली. उद्या बैल मीच ओवाळीन. त्यायनं विचारलं, घरधनी कुठं, तं सांगीन: आवतन देऊन पळाला.