घरात माणसं पाच

७ ऑगस्ट
आले एकदाची! वाइंगापू शहरातून सकाळी ट्रकमध्ये बसले ती तांदळाच्या पोत्यावर, मांडीत कोंबडी, पायाशी कुणाचं तरी डुक्कर. कंबर मोडली, पण तोंड काही थांबलं नाही. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "आजी, तुम्ही जरा गप्प बसलात तर मला इंजिनाचा आवाज ऐकू येईल." मी म्हटलं, मी गप्प बसले तर तुलाच डुलकी लागेल, मेल्या.

माझी नात लिका वाट बघत दारातल्या दगडी थडग्यावर चढून बसली होती. सहा वर्षांची आहे. मला, तिच्या आपूला म्हणजे आजीला, बघून पळत आली आणि पहिलं काय म्हणाली तर, "आपू, तुझेपण दात पडलेत!" आम्ही दोघी बोळक्या. हसून हसून पुरेवाट.

लेक योवा वाळली आहे, पण कापड सुरेख विणते. जावई रेतांग गावच्या कचेरीत लिहिणं-पुसणं बघतो. गावाची सगळी माहिती भरून द्यायची आहे म्हणे त्याला. घरं किती, माणसं किती, घोडे, डुकरं, विहिरी. कचेरीतलीच एक जुनी वही त्याने मला दिली. म्हणाला, "आई, तुम्ही बोलता तेवढं लिहा, म्हणजे आम्हाला जेवायला वेळ मिळेल." तिसरीपर्यंत शिकले आहे मी, पण चिठ्ठ्या लिहायची हौस. म्हणून ही रोजनिशी.

त्याच्या माहितीच्या वहीत पहिल्या पानावर त्याने आमचं घर भरलं. माणसं पाच. मी मोजली चार. रेतांगने हनुवटीने कोपरा दाखवला. तिथे त्याची आजी, हुंगा आजी. वारून चार वर्षं झाली. गुडघे छातीशी, अंगावर कापडांच्या इतक्या घड्या की माणूस कमी, गाठोडंच जास्त. थडग्याचा दगड येऊन पुरेपर्यंत ती घरातलीच, मग वहीतून तिला कोण गाळणार? खरं आहे. माझ्या आजोळीही आजोबा असेच बसले होते. पण मला आठव्या वर्षी शहरात धाडलं, फारसं आठवत नाही.

८ ऑगस्ट
गावभर हिंडले. दर दारी सुपारी, पानाऐवजी विड्याच्या वेलाची शेंग, चुना. तोंड लालभडक. कुणाच्या ताटातली सुपारी घेतली की म्हणायचं, "तुमचं ते माझं," आणि आपली पिशवी पुढे करायची, "माझं ते तुमचं." शेजारच्या डांगाने माझी पिशवी निम्मी केली. म्हातारी खाष्ट आहे, पण गप्पांना बरी.

दुपारी घरी आले तेव्हा सगळे छपराचं गवत कापायला गेलेले, फक्त लिका होती. पिशवी पार रिकामी आणि तोंडाला पाणी सुटलेलं. हुंगा आजीपुढे योवाने सकाळीच ताट भरून ठेवलं होतं. मनात म्हटलं, ही काही खात नाही, एका म्हातारीचं दुसरीने खाल्लं तर काय बिघडलं? एक सुपारी, एक शेंग घेतली. पण रीत ती रीत. रिकामी पिशवी उलटी करून दाखवली आणि म्हटलं, "हुंगाबाई, तुमचं ते माझं, माझं ते तुमचं! पण माझं म्हणावं असं या लिकाशिवाय आहेच काय माझ्याकडे?"

लिका मांडीत होती. खुदखुदून हसली.

१० ऑगस्ट
आज लिकाचा आणखी एक दात पडला. पोरं दात छपरावर टाकतात. हिने हुंगा आजीच्या ताटात नेऊन ठेवला. मजा वाटली. थोड्या वेळाने ताटात दात नव्हता. उंदीर असेल.

लिकाचं तोंड लाल दिसलं. योवाला रागावले, एवढ्याशा पोरीला सुपारी देतात का? योवा म्हणाली, मी कशाला देऊ? लिकाला विचारलं. म्हणाली, कडक असते ना, म्हणून हुंगा आजी आधी चावून मऊ करून देते.

११ ऑगस्ट
पोरीची कल्पना भारी, असं काल म्हणाले. आज तिच्या गालात बोट घालून चोथा काढला. गार होता. बर्फासारखा.

१२ ऑगस्ट
लिका कोपऱ्यातून हलत नाही. हाक मारली तर योवाला म्हणते, "ती पाहुणी बोलवतेय." मला! मी हसले. मग जाऊन डुकरांच्या खाण्याच्या टोपल्याशी रडले.

डांगाला गंमत म्हणून सुपारीचं सांगितलं. तिचे मका सोलणारे हात थांबले. विचारलं, घेताना बोललीस काही? मी म्हटलं, बोलणारच, मी काय रीत न शिकलेली आहे? डांगा म्हणाली, "अगं शहरातल्या बाई, मेलेल्याचं घ्यावं, पण तोंड मिटून. जिवंत माणूस देणं विसरतं. मेलेले विसरत नाहीत." मग विचारलं, माझं म्हणून काय सांगितलंस?

मी काही बोलले नाही. जन्मात पहिल्यांदा.

१३ ऑगस्ट
लापू रातो आले. गावचे पुजारी, जाणते तेच. कोंबडीच्या आतड्यात कौल बघितला आणि हात धुऊन टाकले. मी पाय धरले, म्हटलं, मला घ्या, माझ्या पोरीची पोर सोडा. म्हातारा वाईट नाही. हळू म्हणाला, "आजी, तुमचं नाव कुणी घेतलं नाही. नाव तिचं घेतलंय, ते तुम्हीच." हुंगा आजीला पुरलं तर कदाचित सुटेल. पण दगड तीन डोंगर पलीकडे. ओढायला दोनशे माणसं. लोक जमेपर्यंत पुढचा पाऊस येईल.

योवाने हे सगळं ऐकलं.

१५ ऑगस्ट
तोच ट्रक. लिकाला कापडात गुंडाळून घेतलं नि शहराकडे निघाले. ड्रायव्हर म्हणाला, आज गप्प गप्प, आजी? नदीपर्यंत बरी होती. नदी ओलांडली तशी तिने गुडघे छातीशी ओढले. श्वास थांबला. मी बडवलं, फुंकलं. काही नाही. ड्रायव्हरने ट्रक वळवला आणि नदीच्या अलीकडे आल्यावर श्वास परत आला. डोळे उघडून म्हणाली, घरी चल, पाहुणी.

गुडघे सरळ झालेच नाहीत.

१६ ऑगस्ट
डांगाची, रातोंची, गावातली सगळी सुपारी आणून हुंगा आजीचं ताट भरलं. हे घे, फेड झाली म्हटलं. पाठ वळवली नि पुन्हा बघितलं तर ताट माझ्या चटईशी. भरलेलं. एक शेंगही कमी नाही.

१७ ऑगस्ट
आज देशाचा स्वातंत्र्यदिन. झेंडे. शाळेची पोरं गात गात दारावरून गेली. लिकाला कागदी झेंडा करून दिला होता. तो तिने हातात धरला नाही. ती कोपऱ्यातच बसली आहे. हात गार — डोळे उघडे —

१८ ऑगस्ट
दुपारी. लिका.

योवाने मागावरचं कापड कापलं. लिकाच्या लग्नासाठी विणत होती. अर्धंच झालं होतं. तिला गुंडाळायला तेवढं पुरलं.

माझ्याकडे बघत नाही. फक्त एकदा म्हणाली, "आई, तुला कधी गप्प बसता आलं का गं?"

१९ ऑगस्ट
रेतांगला आज माहिती द्यायची होती. मोठ्याने वाचत होता. घरं एकतीस. विहिरी दोन. आमचं घर — माणसं पाच. मी म्हटलं, पाच कशी? त्याने वर पाहिलं नाही. म्हणाला, "गेलंय कुठे कोण?"

२० ऑगस्ट
भर दुपार. रेतांग कचेरीत. योवा मागाशी बसल्या बसल्या झोपली आहे. कोपऱ्यात मोठं गाठोडं. शेजारी लहान.

आत्ता हाक आली. आपू. पाहुणी नाही — आपू!

लहान गाठोड्याच्या घडीतून हात. तळव्यावर सुपारी. मऊ केलीय म्हणते, तुझेपण दात पडलेत ना.

बोलायचं नाही. डांगाने सांगितलंय. तोंड मिटून. म्हणून इथे लिहिते आहे. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे —

घेतली. गोड आहे. काही बोलले नाही.

विचारते, आपू, तू माझी ना?

नाही बोलणार. नाही — बोळकं तोंड ते — हसतेय — लेकराला उत्तर नको का द्यायला — मी तर तुझीच, राणी — हे तोंडातून गेलं की लिहिलं — कळत नाही —

पुन्हा विचारते. आणि आई?

योवाने झोपेतच गुडघे वर ओढले. नाही. आईचं नाव नाही घ्यायचं. गप्प. गप्प बस गं म्हातारे — पण ती रडतेय, आतून, एकटी आहे म्हणते, अंधार आहे म्हणते — उगी, उगी माझी बाई, रडू नको, आईपण तु