बाबांचं आंबट कालवण

२ ऑक्टोबर

पाणी स्वयंपाकघराच्या चौथ्या पायरीला लागलं! म्हणजे शेतं बुडाली, म्हणजे लिन मासे आले. म्हणजे लुआनची होडी येणार.

"पायऱ्या काय मोजतेस सारखी? सूप उतू चाललंय," आई ओरडली. गाडीवर सकाळची गिऱ्हाईकं ताटकळत होती. सूप उतूच गेलं होतं.

४ ऑक्टोबर

आला. होडी मागच्या दाराला लावली, आईला मान लववून "कशा आहात काकू?" आईने मासे उलटेपालटे करून पाहिले. "ताजे आहेत." एवढंच. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पण परतताना वल्हं पाण्यात उलटं घातलं, तेव्हा मला कळलं.

७ ऑक्टोबर

उजाडता उजाडता त्याच्याबरोबर शेवरीची फुलं पाडायला गेले. आईला सांगितलं, आत्यासाठी आणायचीत. (आत्या गोड हसली. बाबांची ही धाकटी बहीण शेजारीच राहते आणि सगळं ओळखते.)

फांदी होडीवर वाकवायची आणि काठीने हलकेच मारायचं. पिवळी फुलं टपटप होडीत पडतात. शेत नाही, बांध नाही, नुसतं पाणी आणि त्यात आभाळ. लुआनच्या केसांत फुलं अडकली होती. मी सांगितलंच नाही. बघत बसले. तो बोलत होता — पुढच्या वर्षी मोठी होडी घेईन, मागे छप्पर घालीन, तिथे तू सूपचं पातेलं ठेव, आपण गावोगाव फिरू. मी हो म्हटलं. म्हणजे पातेल्याला हो म्हटलं की त्याला, कोण जाणे! दोघांनाही म्हटलं असेन.

घरी आले तर आई म्हणाली, "केसांत फुलं घेऊन बाजारात उभी राहणार का आता?" माझ्याही होती तर.

१० ऑक्टोबर

आईला सांगितलं.

ती शेंगा निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "मुलगा चांगला आहे, मी कुठे नाही म्हणते? पण ते चर्चवाले. त्यांच्यात वारलेल्या माणसाला तिथीला जेवायला बोलवत नाहीत. तू माझी एकुलती एक. उद्या मी नसले की तुझ्या बाबांनी काय उपाशी राहायचं?"

मला रडू आलं. कारण ती भांडली असती तर मीही भांडले असते. हिचं तर खरंच होतं. बाबा जाऊन अकरा वर्षं होतील; मला आठवतात ते जेवतानाच, वाटी तोंडाला लावून कालवण पिताना.

११ ऑक्टोबर

लुआनला सांगितलं. "अगरबत्ती लावायला मला कोणी अडवलंय? लावीन की. हात थोडाच भाजतो?" असं म्हणाला आणि हसला. मग हसायचा थांबला. त्याच्या आईला तरी कुठे विचारलंय त्याने.

१२ ऑक्टोबर

सूपमध्ये साखर दोनदा पडली. गिऱ्हाईक म्हणालं, "कोणाच्या लग्नाचं आहे?"

१६ ऑक्टोबर

रविवारी बाबांची अकरावी तिथी. आई म्हणाली, यंदा कालवण तू कर. का, ते बोलली नाही. मला कळलं. पुढे हे माझ्याच हाती आहे, ते कळावं म्हणूनच.

बाबांच्या आवडीचं — लिन मासे, चिंच, शेवरीची फुलं. सोपं आहे, पण नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही. आधी बाबा, मग आपण. म्हणून दर वर्षी मीठ कमीच पडतं. आईचा गाडीवरचा हात असा की दहा गावांत नाव, आणि तिथीला मात्र आळणी. सगळे मुकाट जेवतात.

१९ ऑक्टोबर

काय करून बसलो आम्ही!

आई आणि आत्या पुढे फोटोसमोर ताट मांडत होत्या. मी मागे एकटी. पातेलं उकळत होतं. लुआन फुलं घेऊन आला. मी फुलं धुवायला पायऱ्यांवर वाकले, वळून बघते तर हा डाव तोंडाला लावून उभा! त्यांच्या घरी आई रोज त्यालाच चाखायला लावते. सवयीने हात गेला.

"आळणी आहे गं," म्हणाला.

माझ्याकडे बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. नैवेद्य उष्टा! दुसरे मासे नाहीत, पाहुणे दारात. बाहेरून आई विचारतेय, "झालं का?"

मी तीन चमचे खारट फिश सॉस घातला. फुलं घातली. "झालं," म्हटलं. त्याला होडीत ढकललं.

मग अगरबत्तीकडे बघत बसले. राख गळून पडली तर बाबा रागावले. पण राख वळत गेली, वळत गेली, पडली नाही. बाबा जेवले! मला एकदम इतकं हलकं वाटलं, जणू तेही त्या होडीत आमच्याबरोबर बसलेत.

जेवताना आत्या म्हणाली, "अगं बाई! पोरीच्या हाताला चव आहे!" सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. आईने एक चमचा घेतला. थांबली. आणखी एक घेतला. माझ्याकडे पाहिलं.

२० ऑक्टोबर

आई बोलत नाही.

२२ ऑक्टोबर

दुपारी गाडी धुताना आईने विचारलं, "कोणी चाखलं?"

"मी."

"खोटं बोलू नकोस. अकरा वर्षं बघतेय, तिथीच्या पातेल्यापाशी तू श्वास रोखून उभी राहतेस. न चाखता मीठ इतकं बरोबर पडत नाही. मला नाही जमलं कधी."

सांगितलं सगळं. लुआनला सवयीने झालं, मी लपवलं. आई हात पुसून आत गेली. अगरबत्तीचा वास आला. मग ताटलीत नाणी पडल्याचा आवाज. ती बाबांना काहीतरी विचारत होती. एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. तीनदाच विचारायचं. चौथ्यांदा विचारू नये, गेलेल्यांना राग येतो.

नाणी वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. म्हणजे पहिल्या दोन वेळा नाही आलं. मला पुढचं ऐकायचं नव्हतं. पायऱ्यांवर जाऊन बसले. पाणी एक पायरी उतरलं होतं. होडी आता फार दिवस यायची नाही.

२३ ऑक्टोबर

सकाळी कांद्याची पात चिरता चिरता आई म्हणाली, "हा मुलगा चालेल का, असं विचारलं त्यांना. तिन्ही वेळा नाही."

मी मान खाली घातली.

"मग मी म्हटलं, ठीक आहे. खा दर वर्षी आळणी! आणि चौथ्यांदा टाकली."

"आई! चौथ्यांदा विचारायचं नसतं!"

"माझा नवरा आहे. मी कितीदाही विचारीन." पात पातेल्यात सारली. "एक छापा, एक काटा. रविवारी बोलाव त्याला जेवायला. चर्च सुटल्यावर."