आमच्या पिशवीतला चित्ता

३ नोव्हेंबर २०२५, सकाळ
लय आनंदाचा दिवस. नातीचा, अर्पिताचा फोन आला. पुण्याला लॅबात नोकरी करती. दूध तपासती का कायतरी, पण लॅब ती लॅबच. म्हणली, आजी, जगातून संपलेले जनावरं शास्त्रज्ञ परत जिवंत करायला बघायलेत. क्लोनिंग म्हणतेत. कातड्याचा तुकडा सुद्धा कामाला येतो म्हणे.

मी म्हणलं, अगं, आपल्या घरात चित्ता हाय की! मामंजी खंडोबाचे वाघे होते. त्यांची भंडाऱ्याची पिशवी चित्त्याच्या कातड्याची, काळ्या ठिपक्याची. आपले देशी चित्ते तर कधीचेच संपले. आफ्रिकेचे आणलेत, पण त्यांना मराठी कुठं कळती?

अर्पिता लय हसली. म्हणली, खरंच चित्ता निघाला तर सुट्टी टाकून येते.

चंपाषष्ठीला तळी उचलायला पाच जण लागतेत. घरात आमी चौघं. मी, लेक मुकुल, सून बबिता आन् नणंद कडूबाई. दोन वर्षं झाले पाचवा शेजारून आणायलोत. औंदा अर्पिता. ठरलं.

५ नोव्हेंबर
पिशवीचा कोपरा कातरला. मुकुल म्हणला, देवाची पिशवी कापती का माय? मी म्हणलं, देवाचाच चित्ता हाय, देव बघून घेईल. परभणीला जाऊन कुरिअर करून आला, तोंड वाकडं करून.

बबितानं विचारलं, आत्याबाई, चित्ता बांधायचा कुठं? मी म्हणलं, गोठ्यात. ती म्हणली, मग शेळी? ह्याचा विचारच केला नव्हता. पांढरी शेळी पडवीत आणली. तिनं बबिताची तुळस खाल्ली. बबिता बोलत न्हाई. मोठ्या कामात असं होतंच.

९ नोव्हेंबर
कुणाला सांगायचं न्हाई, असं ठरलं होतं. गिरणीवर दळण उशिरा झालं म्हणून तेवढं तिथं सांगितलं. संध्याकाळी शाळेतले दिनकरराव गुरुजी दारात. वहिनी, चित्त्याचं कातडं घरात ठेवणं गुन्हा हाय, फॉरेस्टवाले उचलून नेतील.

मी म्हणलं, नेऊ द्या, चंपाषष्ठीच्या आदी सोडा म्हणावं. गुरुजी चहा अर्धा ठेवून गेले.

पिशवी ज्वारीच्या कणगीत खुपसली. भ्याले न्हाई. उगं आपलं.

१४ नोव्हेंबर
खबर न्हाई. एवढं मोठं जनावर करायचं, टाइम लागणारच. अर्पिताला फोन करून परेशान करायचं न्हाई, असं ठरवलं. तीनदा केला. मिटिंगमधी होती.

१९ नोव्हेंबर
अर्पिताचा फोन आला. तिच्या मैत्रिणीनं दुर्बिणीखाली केस बघितला. शेळीचा हाय म्हणे.

मी म्हणलं, मशीन बिघडली असंल. तर कडूबाई वन्सं कोपऱ्यातून बोलल्या. जुनी पिशवी उंदरानं खाल्ली होती. मग बाबांनी बोकडाचं कातडं आणलं आन् बिब्ब्यानं ठिपके काढले. मीच बिब्बे फोडून देत होते.

मी म्हणलं, वन्सं, एवढे वर्षं सांगितलं का न्हाई? तर म्हणल्या, तू विचारलंस का कधी?

पण मी हिंमत सोडली न्हाई. म्हणजे अस्सल चित्ता उंदराच्या पोटात गेला. त्या उंदराचे नातू-पणतू आमच्याच कणगीत असतेन. अर्पिताला म्हणलं, एखादा धरून पाठवू का? ती म्हणली, आजी, ठेवते. शेळीसाठी साहेब सुट्टी देत न्हाई म्हणली.

गुरुजी तेवढे खूश. म्हणले, सुटलात वहिनी, शेळीला जेल न्हाई.

२५ नोव्हेंबर
अर्पिता येणार. न सांगता यायची सवयच हाय तिला. बारावी पास झाली तवा अशीच आली होती. चातुर्मासात तोंडात घातले न्हाईत ते वांगे आणले भरताला. रोडग्याची कणीक एक जास्तीची. मुकुलला सांगितलं, सकाळी पुण्याच्या गाडीवर जा. तिचा फोन आला का, म्हणला. मी म्हणलं, तू गाडीवर जा.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
गाडी आली. मुकुल एकटाच आला.

गुरुजी लेकीकडं सेलूला गेलेले. शेजारच्या घराला कुलूप. म्हणलं, असू द्या, चौघंच उचलू. ताम्हन धरलं, एका अंगानं कलायला लागलं. तेवढ्यात शेळी पडवीतून आली आन् खोबऱ्यासाठी ताम्हनाच्या रिकाम्या बाजूला तोंड लावलं. वन्सं म्हणल्या, घ्या, झाले पाच. बोला येळकोट येळकोट जय मल्हार!

बबिता हसली. तुळशीनंतर पहिल्यांदा.

भंडारा उधळला, शेळी नखशिखांत पिवळी झाली. लांबून बघितलं तर थेट तेच जनावर, नुसते ठिपके न्हाईत. मुकुलनं फोटो काढून अर्पिताला पाठवला. आजून बघितला न्हाई तिनं.

वन्संला हळूच विचारलं, बिब्बे हायत का घरात? त्या म्हणल्या, गप जेव.

जेवले. अर्पिताच्या वाटणीचा रोडगा शेळीला दिला.