चेरी रंगाची रेघ

क्वार्ट्‌झसाइट, अ‍ॅरिझोना
११ फेब्रुवारी २००९

ती. आर्व्हिलाताईस धाकट्या डोरीनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोस्टात दहा दिवस माझी वाट बघत पडलं होतं. खिडकीवरची बाई म्हणते, तुझ्या बहिणीचं अक्षर पाहूनच कळतं की ती रागावली आहे. रागावू नकोस. आमचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, पोस्टात जायचंही राहून जातं.

पाठ बरी आहे, म्हणजे नोव्हेंबरातल्या ऑपरेशननंतर जेवढी असायची तेवढी. डॉक्टरनं बजावलंय की धक्का बसता कामा नये. आता धक्क्याशिवाय घरगाडी कुठली? ट्रकच्या हौद्यात तिची मान टेकते, मानेखालचा मनगटाएवढा खिळा हौद्यातल्या लोखंडी जबड्यात अडकतो, आणि मग रस्त्यात खड्डा आला की मागचं सहा टनांचं घर आपल्या कमरेत गुद्दा घालतं. चौदा वर्षं मी त्या गुद्द्याला शिव्या घालत आले.

तर व्हर्लिननं परवा जुनी मान काढून टाकली आणि नवी बसवली. हिच्यात हवेची उशी आहे, धक्का ती गिळते. शेजारचा ऑसगुड मदतीला होता. दोन दिवस दोघं गाडीखाली आडवे, आणि मी बाहेर बीन्स शिजवत बसलेली. बाहेरच्या कामात मी नाक खुपसत नाही. आमचा नवराबायकोचा करारच आहे, आतलं माझं, बाहेरचं त्याचं. निघताना मी कपाटांच्या कड्या लावायच्या, त्यानं गाडी जोडायची. आणि जोडणाऱ्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, हा इथला सगळ्यांचाच नियम. शेजारी हात हलवतात तेही लांबून.

काल फिरवून आणली. ताई, काय सांगू, लोण्यावरून गेल्यासारखी गेली. पण खरं सांगते, मला भीतीच वाटली. मागं काही आहे असं वाटेचना. सारखी आरशात बघत होते, आहे ना मागं, सुटली तर नाही ना. जो धक्का नको नको म्हटलं, तो नाही म्हणून जीव टांगणीला.

आणखी एक. हसू नकोस. परवा यानं कॉफीची किटली फ्रिजमध्ये ठेवली. त्याआधी एकदा विजेची वायर न काढताच गाडी हलवली, खांब वाकला. मी चेष्टा केली, तो हसला नाही. एरवी माझ्या आधी हसतो.

मार्चअखेर निघून तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला पोचतोच. अंगणात जागा ठेव. माया आहेच, ती राहू दे.

तुझी डोरीन

•

ब्रोकन बो, नेब्रास्का
२० फेब्रुवारी २००९

चि. डोरीन हिस अ. उ. आ.

त्या पोस्टातल्या बाईला सांग, मी रागावलेलीच असते. माझं अक्षर शहाणं आहे.

इथे अजून गुडघाभर बर्फ आहे. कोंबड्या अंडी द्यायला तयार नाहीत, आणि चर्चमधल्या बायका माझ्या वाढदिवसाला बरणीभर मुरंबा घालून काहीतरी करणार आहेत, म्हणजे ऐंशी पुरी व्हायच्या आतच मला न्यायचा बेत आहे.

किटलीवर मी हसले नाही. आमचा एमेट आठवतो ना? आयुष्यभर गुरांचे ट्रक हाकले, आणि शेवटी घरी यायची वाट विसरला. त्याचंही सुरुवातीला असंच काहीतरी बारीक होतं. मीही चेष्टाच केली होती. बायको असून दीड वर्ष चेष्टा करत राहिले, ते अजून मला टोचतं.

तुझा तो करार मला पहिल्यापासून पसंत नाही. आतलं तुझं, बाहेरचं त्याचं, म्हणे. रस्त्यावर आत आणि बाहेर असं काही असतं का? तू खाली उतर. तो जोडत असताना बाजूला उभी राहून बघ. बोलू नकोस, पण बघ. तुला चालवायला शिकवायला सांग. नवी मान हलकी आहे असं तूच लिहितेस, मग हात लावून बघायला काय जातं?

माझ्या वाढदिवसासाठी जिवावर उदार होऊन यायची गरज नाही. तुम्ही आलात काय आणि न आलात काय, मी ऐंशीची होणारच. पण पत्र लगेच टाक. व्हर्लिनरावांना आशीर्वाद सांग, आणि किटली चुलीवर ठेवायला सांग.

लोभ कमी करायचा विचार नाही, तूही करू नकोस.

आर्व्हिला

•

क्वार्ट्‌झसाइट
६ मार्च २००९

ती. ताईस सा. न.

अक्षर लागलं नाही तर समजून घे.

आज सकाळी चाकं बदलायला गाडी गावात न्यायची होती. मी आत कपाटांच्या कड्या लावत होते. तुझं ऐकून खाली उतरणार होते गं, पण म्हटलं, फ्रिजची कडी तेवढी लावून घेते. बाहेर गाडीचे पुढचे पाय, उभी असताना ती ज्यांवर टेकते ते लोखंडी, वर घेतल्याचा आवाज आला. ट्रक सुरू झाला. आणि पायाखालची जमीन पुढे कोसळली. धाडकन आवाज झाला. मी ओट्याची कड धरली म्हणून उभी राहिले, नाहीतर पाठीचं काय झालं असतं देव जाणे. बशा सगळ्या जमिनीवर.

खिळा जबड्यात गेलाच नव्हता. नुसता वर टेकला होता. जबडा खालून बंद झाला, त्याची दांडी जागेवर आली, सगळं ठीक दिसत होतं. तुला माहीत असेल, पाय वर घेण्याआधी ट्रक जरा पुढे ओढून बघतात, सुटतोय का ते. त्यानं आधी पाय वर घेतले. ट्रक पुढे गेला आणि घराची मान हौद्याच्या काठांवर पडली. दोन्ही काठ चेपले.

पण मी घाबरले ते याला नाही.

पुढच्या पायावर मी चौदा वर्षांपूर्वी माझ्या नेलपॉलिशनं एक रेघ ओढली होती, चेरी रंगाची. पाय त्या रेघेपर्यंत ठेवले की मान बरोबर उंचीला येते. ती उंची जुन्या मानेची. नव्या मानेचा खिळा जरा वर आहे. फेब्रुवारीत फिरवली तेव्हा यानंच नजरेनं लावून घेतली होती, नवी रेघ ओढायची राहिली असं म्हणालाही होता. आज यानं जुन्या रेघेवरच लावली. मला वाटलं, सवयीनं चूक झाली असेल.

मी बाहेर आले तर तो जमिनीवर बसला होता. त्या नव्या मानेकडे बोट दाखवून मला विचारतो, "हे कोणी बदललं?"

ताई, दोन दिवस गाडीखाली आडवा पडून यानं स्वतः ती बसवली होती. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती.

ऑसगुडनं जॅक आणला आणि घर उचलून दिलं. व्हर्लिन आता झोपलाय. तासाभरानं त्याला सगळं आठवलं, तेव्हा तो रडला. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मला भीती वाटते. रस्त्याची नाही, त्याची वाटते, आणि असं वाटलं म्हणून माझीच लाज वाटते. काय करू ते लिही.

डोरीन

•

ब्रोकन बो
१३ मार्च २००९

चि. डोरीन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चहा गार झाला, परत गरम केला, परत गार झाला.

मला शिव्या घाल. माझ्याकडे एक पत्र आहे, तुझ्या नवऱ्याचं. ते मी सहा आठवडे पेटीत ठेवलं आणि तोंडाला कुलूप घातलं, कारण त्यानं तसं वचन घेतलं होतं. मागच्या पत्रात मी तुला खाली उतर म्हणून का ओरडत होते, ते आता कळेल. वचन पाळलं आणि तू त्या घरात पडता पडता वाचलीस. अशा वचनाला काडी लावायला हवी होती.

पत्र सोबत पाठवते. वाचून झालं की ठरव. गाडी विकायची म्हणालीस तर पुतण्याला ट्रक घेऊन पाठवते, इथे दोन खोल्या रिकाम्या आहेत. यायचं म्हणालीस तरी मी अडवणार नाही. पण दोन्हीपैकी काहीही केलंस तरी त्याच्यावर रागावू नकोस. एमेटवर मी रागावत होते.

तुझीच,
आर्व्हिला

•

क्वार्ट्‌झसाइट
२८ जानेवारी २००९

ती. आर्व्हिलाताईंस व्हर्लिनचा नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुम्ही जाणता. चुकलं तर सांभाळून घ्या.

डोरीनला तपासणीला नेलं त्या दिवशी मी युमात गुपचूप दुसऱ्या डॉक्टरला भेटलो. त्यानं मला घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढला, आकडे घातले. मग दहा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाला, तर काटे कुठे लावायचे तेच सुचेना. त्यानं आजाराचं नाव सांगितलं. ते मला लक्षात आहे, दुर्दैवानं.

मी गाडीची मान बदलतोय. डोरीनला वाटतं तिच्या पाठीसाठी. ते खरंच आहे, पण अर्धं. जुनी मान ट्रकला मागून ढकलते. उतारावर मी दोन्ही हातांनी चाक धरतो तेव्हा ट्रक सरळ राहतो. तिच्या मनगटात तेवढं बळ नाही. नवी मान ढकलत नाही. ती बसली की डोरीनला हे घर ओढता येईल, एकटीला. पाठीचं निमित्त आयतं मिळालं.

आत्ताच सांगितलं तर ती रडेल आणि गाडी विकेल. मला अजून एक उन्हाळा रस्त्यावर हवाय. निभेल तितके दिवस निभावतो. माझ्या हातून काही चुकलं तर हे पत्र तिला द्या. तोवर बोलणार नाही असं वचन द्या.

आणि तिला सांगा. मान जबड्यापेक्षा जराशी खाली ठेव, ट्रक मागे येताना ती स्वतः उचलली जाऊ दे. जोडल्यावर वाकून टॉर्चनं बघ. मानेखालची लोखंडी थाळी आणि ट्रकवरची थाळी यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसला तर जोडलेलं नाही, दांडी काहीही सांगो. मग घराचे ब्रेक लावून ट्रक पुढे ओढ. घट्ट राहिला तरच पाय वर घे. आणि जुनी रेघ खरवडून काढ, नवी तुझ्या हातानं ओढ. मी ओढली तर माझा भरवसा नाही.

मी मध्ये बोललो तरी थांबू नकोस, हेही सांगा.

आपला,
व्हर्लिन

•

ट्रिनिडाड, कोलोरॅडो
३ एप्रिल २००९

ती. आर्व्हिलाताईस डोरीनचा सा. न. वि. वि.

कालच रॅटन घाट उतरलो. चाक माझ्या हातात होतं. हे वाक्य दोनदा वाच, मीही दोनदा लिहिणार होते.

पत्र वाचून मी आधी तुझ्यावर रागावले, मग त्याच्यावर, मग ऑसगुडच्या कुत्र्यावर. मग ट्रक दुरुस्त होऊन आला, आणि ऑसगुडला मधे बसवून रोज सकाळी मोकळ्या वाळवंटात शिकले. पहिल्यांदा खिळा लागला तेव्हा टॉर्च घेऊन वाकले, उजेड दिसला. परत केलं. परत उजेड. चौथ्या वेळी काळोख दिसला, आणि काळोख बघून एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

जुनी रेघ खरवडली. नव्या रेघेला नेलपॉलिश तेच, चेरी. अजून मिळतं.

आता कपाटांच्या कड्या तो लावतो. मग मी आत जाऊन परत बघते. त्याला कळतं की मी बघते. एकदा म्हणाला, बाहेरचं तुझं आणि आतलंही तुझं, मग माझं काय? मी म्हटलं, तुझं शिट्टी वाजवायचं काम. तेव्हापासून वाजवतो.

घाटाच्या माथ्यावर थांबलो होतो. समोर उतार, खाली वाफा सोडणारे लांब ट्रक. मला वाटलं, इथून पाय मागे घ्यावा, तुझ्या पुतण्याला बोलवावं. तेवढ्यात व्हर्लिन खाली उतरला आणि हौद्याशी गेला. मी धावले, म्हटलं आता हा दांडी ओढतो की काय. तर तो वाकून नव्या मानेवरून हात फिरवत होता. बोल्ट एकेक चाचपले. हवेची उशी दाबून पाहिली. मग मला म्हणाला, अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं, "काम नीट केलंय. ज्यानं हे बसवलं, त्याला बायकोची काळजी असणार."

मी म्हटलं, "हो. आहे त्याला."

मग मी चढून बसले आणि उतरले तो घाट, ताई. खालच्या गियरमध्ये, सावकाश, मागच्या सगळ्या गाड्यांच्या शिव्या खात. मागून एकदाही ढकललं नाही. तो शेजारी बसून दर मिनिटाला विचारत होता, घर मागं आहे ना गं? मी आरशात बघायची आणि सांगायची, आहे. रागावले नाही. बत्तीस वेळा विचारलं, बत्तीसदा सांगितलं.

भीती गेली असं समजू नकोस. रोज सकाळी वाकून टॉर्चनं दोनदा बघते. दुसरी भीती त्याहून मोठी, एक दिवस तो घर मागं आहे का हे विचारणार नाही, शेजारी कोण चालवतंय हे विचारेल. पण तो दिवस आज नव्हता.

नऊ तारखेपर्यंत पोचू. कुंपणाचं दार काढून ठेव, मला अजून वळवताना लागतात चाळीस फूट जास्तच. मुरंबा थोडा आमच्यासाठी राखून ठेव. माया अशीच असू दे, पुढे ती फार लागणार आहे.

तुझी,
डोरीन

ता. क. पाकिटावरचा पत्ता व्हर्लिननं लिहिलाय. गावाचं नाव त्यानं मला विचारलं, पण तुझं नाव विचारलं नाही.