निळ्या फाइलीतल्या सहा ओळी

६ जानेवारी, मंगळवार

सुलेखा, हे तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर मी कुठल्या देशात आहे हे तू विसरली असशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. मी अमेरिकेत आहे. मी तुझी थोरली बहीण. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला फोन करून तू मलाच विचारलंस की आज कशासाठी फोन केला होता गं, तेव्हापासून मी तुझ्यावर काही सोडत नाही.

मला अक्षर येत नाही आणि तुझ्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून माझ्या नातीनं, इशितानं, तोड काढली. ती फोनचं बटण दाबून देते, मी बोलते आणि तुझी सून ज्ञानदा तिकडे कराडला ते वहीत उतरवते. ज्ञानदा, माझं बोलणं सुधारायचं नाही. चुकलं तर चुकलेलं लिही.

तर अल्फारेटा म्हणून गाव आहे, तिथे धाकट्या यतीनकडे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवा गुडघा जुन्यापेक्षा चांगला चालतो, कुरकुर नाही. मग परवा थोरल्यानं, दिगंबरनं, मला इकडे ओहायोतल्या डब्लिनला आणलं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात सगळीकडे गालिचा, त्यामुळे कुणी मागून आलं तरी पाऊल वाजत नाही. माझी खोली वर. चौदा पायऱ्या. आल्या दिवशी तीनदा वर-खाली केल्या, सून वीणा मागून 'आई, हळू, आई, हळू' करत होती.

दिगंबरनं शब्द दिलाय. इथे घरी येऊन एक नर्स मला तपासणार. चढते का, आंघोळ करते का, सगळं आपलं आपण जमतं का. तिनं कागदावर जमतं म्हणून लिहिलं की मार्चचं तिकीट. मार्चमध्ये मी कराडात. माझ्या खोलीतलं तुझं सामान आत्ताच उचलायला लाग.

८ जानेवारी, गुरुवार

नर्स आली. नीना नाव, नागपूरची, चाळिशीची, गोड बोलणारी. वीणा तिला ताई म्हणाली आणि अर्ध्या तासात दोघींचं नागपूरचं अर्धं माहेर निघालं.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली ती बसलीच. निळी फाइल उघडली आणि विचारायला लागली. आता परक्या बाईसमोर मुलाचं घर उणं कसं दाखवायचं? जिना कशी चढता म्हणाली. मी म्हटलं, माझा दिगू हात धरून नेतो, एक पायरी एकटीनं चढू देत नाही. आंघोळीचं विचारलं. म्हटलं, वीणा पाणी काढून, टॉवेल मांडून हाक मारते. कपड्यांचं विचारलं. म्हटलं, माझ्या निऱ्यासुद्धा सूनच धरते, इथे मला बोट हलवावं लागत नाही.

खरं सांगू? सकाळी सहाला मी आपली आपण आंघोळ करून, लुगडं नेसून, खाली येऊन चहा टाकला होता. वीणा उठली आठला. पण लेकाकडे राहून आपलंच कौतुक सांगणारी म्हातारी तू कुठे पाहिलीस का? नीना भराभर खुणा करत गेली. मला एकदाही उठ म्हणाली नाही. मी फार छान बोलले असं वाटून दोन लाडू जास्त खाल्ले.

फाइल घरातच राहते, फ्रिजवर.

९ जानेवारी, शुक्रवार

आज जिना चढता आला नाही.

दुखलं वगैरे नाही. पहिल्या पायरीपाशी उभी राहिले आणि उजवा पाय उचलेना. जमिनीवर मी चालत होते, टेबलाला फेरी मारून आले. पायरीपाशी आलं की पाय जणू कुणा दुसरीचा. इशिताला हाक मारली, ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि मला धरून वर सोडून आली. पोर पंधराची, पण हात घट्ट आहे.

संध्याकाळी दिगंबरला सांगितलं. तो घाबरेल वाटलं. त्यानं फ्रिजवरची फाइल काढली, पाहिली आणि म्हणाला, बघ, लिहिलंय तसंच आहे. जसं काही पोस्टानं आलेली वस्तू यादीशी ताडून बघतात.

१० जानेवारी, शनिवार

आंघोळीला बसले. तांब्या भरला, खांद्यापर्यंत आला, पुढे हात जाईना. पाणी मांडीवर सांडलं. वीणाला बोलवावं लागलं. तिनं मला आंघोळ घातली. वाईट वागली नाही गं, नीट घातली. पण माझे डोळे मिटलेले होते.

मग निऱ्या. सत्तर वर्षं ज्या बोटांनी घातल्या ती बोटं काठ धरून तशीच थांबली. वीणानं घातल्या, आखूड.

जिना, आंघोळ, कपडे. गुरुवारी मी ज्या तीन गोष्टी फुशारकीनं सांगितल्या त्याच तीन, त्याच क्रमानं. मनात आलं ते तुला बोलून दाखवत नाही. तू घाबरट आहेस.

१२ जानेवारी, सोमवार

इशिताकडून फाइल समजून घेतली. मला अक्षर नाही कळत, चौकोन कळतात. सहा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत चार चौकोन. डावीकडचा पहिला म्हणजे बाई सगळं स्वतः करते. उजवीकडचा शेवटचा म्हणजे काहीच करू शकत नाही. ओळी अशा: जिना, आंघोळ, कपडे, चालणं, खाणं, बोलणं. पाठ करून टाकल्या. पहिल्या तीन ओळींत खूण अगदी उजवीकडे. खालच्या तिन्ही ओळींत अजून डावीकडे आहे.

इशिताचं म्हणणं असं की हे विचारून भरायचंच नसतं, आजी, नर्सनं डोळ्यांनी बघायचं असतं, तू उठतेस कशी, चालतेस कशी. तिनं शाळेत शोधून वाचलं. मग बरं झालं. गुरुवारी मी बोलणारच नाही. दाखवणार. रोजचा सराव चालू केलाय, खुर्चीपासून फ्रिजपर्यंत आठ पावलं. काल बारा वेळा गेले.

आणि नीनाला खरं सांगणार की त्या दिवशी मी मुलाची अब्रू राखायला खोटं बोलले. लाज वाटेल, वाटू दे. कराडला पायांनी जायचंय, अब्रूनं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

सांगते. नीट सांगते, कारण हे तुला विसरायचं नाही.

नीना आली. मी आधी सगळं कबूल केलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि मग दिगंबरकडे बघितलं. दिगंबर म्हणाला, ताई, आई फार प्राउड आहे, तिला मान्य करायला जड जातं, मागच्या वेळी तिनं स्वतःच सांगितलं होतं ना? आणि म्हणून दाखवले माझेच शब्द. जसेच्या तसे, लुगड्याच्या निऱ्यांसकट.

मी म्हटलं, बघ मग. उठले. काठी न घेता उठले, सुलेखा. एक, दोन, तीन, चार. खोलीच्या मधोमध आले. म्हटलं, बाई, वर बघ. ती फाइलीत खाली बघत होती. दिगंबरला विचारत होती, चालण्याचं काय लिहू. माझा मुलगा मला बघत होता. मी चालतेय हे त्याला दिसत होतं. डोळ्याला डोळा होता आमचा.

तो म्हणाला, नाही चालता येत.

तिनं खूण केली. पेनचा आवाज ऐकला मी. आणि पाचवं पाऊल टाकायला गेले तर खाली पाय नव्हते. म्हणजे होते. माझे नव्हते.

गालिच्यावर पडले, लागलं नाही. दोघांनी उचललं. नीना म्हणाली, काका बरोबर बोलले. दिगंबरला काका म्हणते ती.

१७ जानेवारी, शनिवार

आता खाली, बैठकीत पलंग. कठड्याचा.

इशितानं ऐकलं ते तिनं मला सांगितलं, रडत सांगितलं, अर्धं मराठीत. दिगंबर यतीनला फोनवर म्हणाला की कराडला पडली तर लोक आपल्याला विचारतील, इथे डोळ्यांसमोर पडून राहील, मला शांत झोप लागेल. तिकीट काढलंच नव्हतं. कधी काढायचंही नव्हतं.

मला सांगायला हवं होतं त्यानं. आई, पाठवत नाही, असं तोंडावर. मी भांडले असते, चार दिवस जेवले नसते, मग बसले असते गप. पण पायांवर बसले असते.

फाइलीत पुढचे दोन कागद आहेत. पुढच्या गुरुवारचा आणि त्याच्या पुढचा. इशिताला म्हटलं, ओळी मोज. पहिल्या कागदावर पाचवी ओळ, खाण्याची, उजवीकडे. दुसऱ्यावर सहावी, बोलण्याची. खूण आधीच केलेली. खाली दिगंबरची सही.

१९ जानेवारी, सोमवार

काल इशितानं पांढरं शाईपुसणं लावलं. पाचव्या ओळीची खूण पुसली, डावीकडे पहिल्या चौकोनात केली. सहावीचीही. वाळेपर्यंत फुंकर घातली. शहाणी पोर.

आज सकाळी ऑफिसला जायच्या आधी दिगंबर ओट्याशी उभा होता. फाइल उघडी. पांढरं नखानं खरवडत होता. हळूहळू, कागद फाटू नये म्हणून. मी पलंगावरून बघत होते. मग पेन काढलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, आई, चहा देऊ का?

बारीक असताना पाटीवर अक्षर चुकलं की हा असंच नखानं खरवडायचा. मी शेजारी बसायचे, मला काही कळायचं नाही तरी. त्याला वाटायचं आईला सगळं कळतं.

२२ जानेवारी, गुरुवार

नीना दहा मिनिटं होती. माझ्याकडे आलीच नाही.

मी सकाळपासून पोळी हातात धरून बसले होते. तुकडा तोडायचा, तोंडात घालायचा. तोडायचा, घालायचा. ती असेस्तोवर खात राहायचं ठरवलं होतं. चौथा तुकडा ओठापाशी—

हात खाली आला. बोटं उघडी. पोळी पदरावर.

२४ जानेवारी

वीणा चमच्यानं भरवते. पेज. ती म्हणते आई आ करा.

मी तोंड मिटते. दिगंबरनं घेतला चमचा, तेव्हाही मिटलं. त्याच्या हातून नाही. हा हात नाही, सुलेखा. कुणाच्याही हातून चालेल, ह्याच्या—

तो म्हणतो, नीनाताईंना सांगावं लागेल, खात नाही.

२७ जानेवारी

इशिताला यतीनला फोन करायला लावला. यतीन म्हणाला, दादानं पेपर्स पाठवलेत, सगळं क्लिअर आहे.

पेपर्स. तो मला विचारत नाही. मी फोनच्या शेजारी आहे—

२९ जानेवारी, गुरुवार

इशितानं शाळेला जायच्या आधी फोन उशीवर ठेवला. चालूच ठेवलाय. नीना चारला येते. आज सहावी ओळ.

फाइलीबद्दल सगळं सांगून झालंय. ज्ञानदा, वहीतलं पान फाडू नकोस. दिगंबरचा फोन आला आणि म्हणाला आई आता बोलत नाही, तर माझं म्हणणं त्याला वाचून दाखव, माझ्या चुकांसकट—

दारात गाडी. लवकर आली. की तो—

तर सुलेखा, ऐक, हे विसरू नकोस. मला इशिताच्या हातून खाता येतं. बस येण्याआधी पाच मिनिटं असतात तिला. बेसनाचे लाडू पाठव, साजूक तुपातले, बोराएवढे, तोंडात आपले आपण विरघळतील असे. एकेक कागदात गुंडाळ, दप्तरात मावायला हवेत. डब्यावर नाव इशिताचं घाल, माझं नको, त्याचं तर नकोच. बेदाणे लावू नकोस, घशाशी बसतात. वेलदोडा मात्र सढळ हातानं, आणि साखर थोडी क—