झाकण आहे तसंच ठेवावं

मी, खाली सही करणारी, वय सतरा, लिहून ठेवते की माझं डोकं शाबूत आहे, फक्त दमलेय. हृदयाची एक झडप नीट लागत नाही, तिचं उद्या ऑपरेशन आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. उलट दादा म्हणाला, "गप गं, असलं अभद्र लिहितात का?" दुकानाचे मालक म्हणाले, "पोरी, अठरा पूर्ण नसताना मृत्युपत्र कोर्टात चालत नाही." कोर्टात कोण जातंय? घरात चाललं तरी खूप झालं. तोंडाने मला सांगता येत नाही.

१. घर माझ्या नावावर नाही. खिडकीजवळची गादी आहे, ती धाकटीला.

२. दुकानात आम्ही जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. तिथलं माझं सामान, म्हणजे बारीक स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि ओरखडे बुजवायची काळी पेनं, बाजूच्या टेबलावर काम करणाऱ्या चष्म्याला. तो मला मुकी म्हणतो, पण माझी जड खोकी तोच उचलतो. पेनांना टोपणं लावत जा रे.

३. वर्गात उभं करून मोठ्याने वाचायला लावणाऱ्या बाईंना काही नाही. शाळा सुटली, राग सुटला नाही. तो माझ्याजवळच राहू दे.

४. माझा लॅपटॉप धाकटीला, अभ्यासाला. दोन मेलेल्या मशिनी जोडून मी तो केलाय. झाकणावर बारीक ओरखडे होते, ते मी तसेच ठेवले. मालक म्हणतात, "ओरखडा मशिनला दुखत नाही, गिऱ्हाइकाला दुखतो." मी कुठे गिऱ्हाईक?

आई कॅन्टीनमध्ये भांडी घासते. दादा मला तपासणीला घेऊन गेला, तेव्हा तिने टूथपेस्ट लावून झाकण घासलं. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, बिनचकाकीचं झाकण घासायचं नाही. चकाकी आली की जात नाही. ओरखडे राहिले आणि मधोमध चकचकीत टक्कल पडलं.

आई म्हणाली, "बघ, कसा लख्ख केला! तेवढंच तुला बरं वाटेल."

मी मान हलवली.

चष्म्या म्हणाला, "मुके, स्टिकर लाव बाई, डोळे दिपतात." नाही लावला. आई रोज फडक्याने तेवढीच जागा पुसते आणि माझ्याकडे बघते.

५. दादा नवीन झाकण बसवू म्हणतोय. बसवू नये. स्टिकर नको, पेन नको. तिच्या हातून बिघडलं हे आईला कोणी बोलू नये. तिला वाचता येत नाही, तेव्हा कलम चार आणि पाच तिला वाचून दाखवू नये. विचारलंच तर, मी खूश होते म्हणावं. ते खोटं नाही.

६. मी परत आले तर सगळं मला परत. गादीसुद्धा.

ठिकाण: आमची खोली. तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार.
सही: मुकी

साक्षीदार, दोघे मला बघायला आले होते:
दुकानाचे मालक (सही)
चष्म्या (सही. कोंबडीचे पाय नाहीत, त्याचं अक्षरच तसं आहे.)

आणि आईचा अंगठा. तिला एवढंच सांगितलंय की लॅपटॉप धाकटीला द्यायचा कागद आहे. शाई पुसत म्हणाली, "मी लख्ख करून दिलाय, ते घातलंस ना त्यात?"

घातलंय, आई.